‘करमत नाही’ हेही डॉक्टरांना सांगा

आमच्या आत्याला मधुमेह होऊन १८ वर्षं झाली. ती कराडला असते. सकाळी उठून साखर बघायची, इन्सुलिन घ्यायचं, नाश्ता करायचा आणि रविवार असेल तर पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचं, हा तिचा क्रम सहसा चुकत नसे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिची साखर ३०० च्या घरात गेली आणि तिथंच बसली. घरच्यांनी लाडू-करंज्यांचा हिशेब काढला. डॉक्टरांनी इन्सुलिनचे युनिट वाढवले. फराळाचे डबे माळ्यावर गेले, तरी साखर उतरेना. जानेवारीत मी गेलो, तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यात नऊ-दहा रविवारच्या पुरवण्या सापडल्या. सगळ्यांमधली कोडी कोरी होती. विचारलं तर म्हणाली, "कशात करमत नाही रे. सुई टोचायचाही कंटाळा येतो."

निम्म्या वेळा तिनं इन्सुलिन घेतलंच नव्हतं. लाडवाला तर हातही लावला नव्हता. तिला काही खावंसंच वाटत नव्हतं.

घरातल्यांना तिची काळजी नव्हती असं मुळीच नाही. पण सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: इतक्या वर्षांचा आजार, रात्रभर पायांची आग, डोळ्यांना लेझर करून झालेलं, मग असं वाटणारच की! हे वाक्य मायेनंच बोललं जातं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तेच नडतं. न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तर ते का मोडलं हे सगळ्यांना कळतं. म्हणून कुणी उपचार करायचं थांबत नाही. मनाच्या बाबतीत मात्र कारण सापडलं की आपण उपचार नकोच असं धरून चालतो. डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. ओपीडीत माणशी पाच मिनिटं मिळतात, त्यात रिपोर्ट बघून होतो, माणूस राहून जातो.

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दर पाचांतल्या साधारण एकाला आणि पक्षाघात झालेल्या दर तिघांतल्या साधारण एकाला ते गाठतं. पार्किन्सनमध्ये तर कधी कधी हात थरथरायला लागण्याच्या आधीच मन मावळलेलं असतं, कारण तो आजार मेंदूतल्या ज्या रसायनांवर घाला घालतो त्यांचा मनःस्थितीशीही संबंध असतो. तेव्हा हे सगळं केवळ आजारपणाचं दुःख असतं असं समजू नये. बऱ्याचदा शरीरातच त्याची मुळं असतात.

ओळखायचं कसं?

इथं खरी अडचण आहे. नैराश्याची पुस्तकी लक्षणं बघा: थकवा, झोप उडणं, भूक मरणं, वजन घटणं, कामात लक्ष न लागणं. डायलिसिसवर असलेल्या माणसाला यातलं काय होत नाही? दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) माणसाला रात्री झोप येत नाही ती श्वासामुळे. संधिवाताचं माणूस सकाळी उठत नाही ते सांधे आखडलेले असतात म्हणून. त्यामुळे शरीराची लक्षणं मोजत बसलात तर प्रत्येक रुग्ण निराश ठरेल, किंवा सगळं आजाराच्या खात्यावर टाकलंत तर एकही ठरणार नाही.

म्हणून लक्ष द्यायचं ते दोन-चार वेगळ्या गोष्टींकडे. पहिली, रस आटणं. आजारी माणसाला चार पावलं चालवत नसेल, पण नातवाचा फोन आला की त्याचा चेहरा खुलतो, मॅच लागली की तो स्कोअर विचारतो. नैराश्यात फोन वाजत राहतो. दुसरी, स्वतःला कमी लेखणं: "माझ्यामुळे सगळ्यांची फरफट", "मी निव्वळ खर्चाचं कलम". तिसरी, पुढचं काहीच न दिसणं. आणि चौथी म्हणजे बदल. स्वभावानं अबोल माणूस अबोल राहिला तर त्यात विशेष काही नाही. पण गप्पिष्ट माणूस चार आठवडे बोलत नसेल तर त्याची दखल घ्यायला हवी.

आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात ते असं: करमत नाही, हातापायांत त्राण नाही, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, काही नको वाटतं. पुरुषांच्या बाबतीत बहुतेकदा ती चिडचिड असते. बायपासनंतर घरी आलेले वडील भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतात आणि घरातले ‘आता वयानं तिरसट झालेत’ म्हणून सोडून देतात. संध्याकाळचा एक पेग दोनांवर जातो, तोही याच खात्यातला असू शकतो.

घरी विचारायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि खिन्न, निराश, काहीच आशा नाही, असं किती दिवस वाटलं? प्रत्येकाचं उत्तर ‘मुळीच नाही’ असेल तर शून्य, ‘काही दिवस’ असेल तर १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ असेल तर २, ‘जवळजवळ रोज’ असेल तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे हा विषय काढायलाच हवा. ते पुढं नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ नावाची यादी वापरतील. तिचे गुण २७ पैकी असतात आणि १० किंवा जास्त आले की नीट तपासणी लागते. हे थर्मामीटरसारखं आहे. ताप आहे हे त्यातून कळतं, कशाचा आहे हे बघणं बाकी राहतं.

मधुमेहाचा वैताग ही मात्र वेगळी चीज आहे. रोजचं टोचणं, मोजणं, लग्नात ताटावर नजर ठेवणाऱ्या नातेवाइकांची टोमणेबाजी, या सगळ्याचा उबग येतो; पण तोच माणूस सहलीला गेला की मजेत असतो. त्याला नैराश्याच्या गोळ्यांची गरज नसते. त्याच्या डोक्यावरचा पथ्याचा बोजा थोडा हलका करावा लागतो आणि नातेवाइकांना गप्प बसवावं लागतं.

आधी शरीर तपासा

‘मनाचं आहे’ असं म्हणण्याआधी काही तपासण्या करून घ्याव्यात. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त आणि उदास होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तरी तसंच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ उतरतं, आणि घर शाकाहारी असेल तर आणखीच. ही कमतरता मनःस्थितीवर आणि स्मरणावर परिणाम करते, शिवाय पायांना मुंग्या आणते, ज्या मधुमेहाच्याच समजल्या जातात. रक्तातलं सोडियम, मूत्रपिंडाचे आकडे, रात्री साखर खाली जाते का, घोरता घोरता श्वास अडतो का, हेही बघून घ्यावं.

मग औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे ओतावी. सगळी, आयुर्वेदिक चूर्णासकट. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स मन वर-खाली करतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं सायक्लोसेरिन मनावर गंभीर परिणाम करू शकतं. फिट्सच्या लेव्हेटिरासेटामनं काहींची चिडचिड प्रचंड वाढते. यातलं कुठलंच औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. पण ‘हे सुरू केल्यापासून असं होतंय’ एवढं सांगायचं.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक मलूल झालं, अर्धवट गुंगीत बोलायला लागलं, माणसं ओळखताना चुकायला लागलं, तर ते नैराश्य नाही असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम घसरणं, यापैकी काहीही असू शकतं. नैराश्य आठवड्यांच्या गतीनं येतं, तासांच्या नाही.

मन लागण्याची वाट बघू नका

"बरं वाटलं की फिरायला जाईन," असं निराश माणूस म्हणतो आणि घरचे मान डोलावतात. गाडी इथंच अडते. नैराश्यात मन आधी तयार होत नाही. आधी हातपाय हलवावे लागतात, मन मागून येतं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं हे पारखून घेतलं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांना सहा ते आठ भेटींत हीच गोष्ट शिकवली: दिवसाचा आराखडा करायचा, टाळलेल्या गोष्टी छोट्या करून पुन्हा हातात घ्यायच्या. ४९५ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नेहमीच्या उपचारांना या भेटींची जोड मिळालेले रुग्ण, ती न मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारले.

घरी हे करताना आजाराचं वेळापत्रक आधी बघावं लागतं. ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला डायलिसिसच्या दिवशी निरुपयोगी आहे. चार तास मशीनवर काढून आलेलं माणूस त्या दिवशी फक्त झोपणार. त्याचं छोटं काम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. संधिवाताचं माणूस दुपारी मोकळं होतं, तर दुपार धरा. धाप लागणाऱ्याला जिना नको, गॅलरीत खुर्ची टाकून कुंड्यांना पाणी घालू दे. आणि काम इतकं लहान ठेवा की ते न जमण्याची सोयच राहू नये. अख्खं कोडं नको, एक आडवा शब्द.

आपल्या घरांतून याच्या बरोबर उलट घडतं. माणूस आजारी पडला की आपण त्याच्या हातातलं सगळं काढून घेतो. "तुम्ही बसा, आम्ही बघतो." लाइटबिल मुलगा भरतो, मटार सून सोलते, बँकेचं पासबुकही दिसेनासं होतं. सहा महिन्यांत त्या माणसाला घरात काम उरत नाही आणि ‘मी ओझं झालोय’ हे त्याचं म्हणणं खरं वाटायला लागतं. मटार सोलायला अर्धा तास लागला तर लागू दे. घरखर्चाची वही त्यांच्याकडेच राहू दे.

बोलण्याचंही तसंच. "पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य शक्यतो घरातून हद्दपार करावं. "तो अमका बघा, डायलिसिसवर असून नोकरी करतो," याचा उपयोग शून्य. समोरच्याला फक्त एवढंच कळतं की आपण आजारी असण्यातही नापास झालो. त्यापेक्षा, "हल्ली तुम्ही पेपर उघडत नाही, हे मी बघतोय. फार जड जातंय का?" एवढं विचारावं आणि गप्प बसावं. उत्तर यायला वेळ लागतो. या मधल्या शांततेत लोकांना चहाची आठवण होते. तेवढं टाळता आलं तर बघा.

औषधांविषयी

नैराश्यावरच्या गोळ्यांची भीती तीन प्रकारची असते: सवय लागेल, गुंगी येईल, आधीच दहा गोळ्या आहेत त्यात अकरावी कशाला. नैराश्याच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र त्या एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते; म्हणून हळूहळू कमी करतात. चटक लागण्याचा धोका असतो तो अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांचा, ज्या मेडिकलमधून सर्रास आणल्या जातात. त्या नैराश्यावरचं औषध नव्हेत, आणि फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांचा श्वास त्या मंदावू शकतात.

अकरावी गोळी कुठली, हे मात्र आधीच्या दहा गोळ्या बघूनच ठरवावं लागतं. हृदयरुग्णांमध्ये सर्ट्रालिनचा अभ्यास चांगला झाला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅडहार्ट’ या चाचणीत, नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांनाही ते सुरक्षित आढळलं. एस्सिटालोप्रामसारख्या काही गोळ्या हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतलयीवर परिणाम करू शकतात, तिथं ईसीजी बघून डोस ठरवतात. जुन्या पिढीतलं अमिट्रिप्टिलिन तुम्हाला पायांच्या आगीसाठी रात्री अगदी छोट्या डोसात मिळत असेल. तो डोस नैराश्याला पुरत नाही आणि हृदयरुग्णात तो वाढवणं जोखमीचं असतं. ड्युलोक्सेटिन मज्जातंतूंच्या दुखण्यावर आणि नैराश्यावर, दोन्हींवर चालतं, त्यामुळे मधुमेहींमध्ये त्याचा विचार होतो. पण मूत्रपिंड फारच कमकुवत असेल तर ते टाळतात.

या गटातल्या बऱ्याच गोळ्या अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वेदनाशामकांसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढवतात. काळी शी झाली तर लगेच सांगावं. साठीच्या पुढच्यांमध्ये, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्यावं. ट्रॅमाडॉल किंवा क्षयरोगातलं लिनेझोलिड चालू असेल तर ते आवर्जून सांगावं. काही गोळ्यांशी त्यांचं जमत नाही.

पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण मात्र दिसत नाही. तो दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बरेच लोक नेमके याच काळात गोळी सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवायची असते.

नैराश्याचे उपचार घेतल्यानं दुसरा झटका टळतोच, असं कुणी सांगत असेल तर ते पुराव्यापलीकडचं बोलणं आहे. माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रॅझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २२२ हृदयरुग्णांवर केलेल्या १९९३ च्या अभ्यासात, झटक्यानंतर नैराश्य असलेल्यांचे सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त आढळले होते. नैराश्यावर उपचार करून मृत्यू कमी होतात, हे मात्र नंतरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं नाही. उपचार करायचे ते माणसाला बरं वाटावं म्हणून. ते कारण पुरेसं आहे. आणि बरं वाटणारा माणूस गोळ्या वेळेवर घेतो, हा वरचा फायदा.

आपल्याकडच्या चार मधुमेह केंद्रांत, मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. तिथं रुग्णाला ठरावीक काळानं फोन करणारा, भेटणारा एक समन्वयक नेमला होता आणि तज्ज्ञ डॉक्टर त्याच्यामार्फत औषधं जुळवत होते. दोन वर्षांनी या रुग्णांचं मन आणि साखर-रक्तदाबाचे आकडे, दोन्ही मिळून नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारले. असा समन्वयक आपल्या गावात मिळेलच असं नाही. मग घरातल्या कुणीतरी एकानं ते काम अंगावर घ्यावं: एक वही, त्यात औषधं, झोप, साखर आणि ‘आज काय केलं’ याची एक ओळ. ती वही फिजिशियन आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांपुढे ठेवायची. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसले तरी वही बोलते.

हे काम बहुधा बायकोवर किंवा सुनेवर येतं, आणि वर्षभरात वरचे दोन प्रश्न तिलाही विचारायची वेळ येते. आठवड्यातली एक दुपार तिची, असं आधीच ठरवून टाका.

मरणाबद्दल विचारताना

"देवानं आता न्यावं" हे आपल्याकडे ऐंशीचं माणूस चहा पिता पिता सहज म्हणून जातं आणि लगेच दुसरा कप मागतं. त्यानं हादरून जायचं कारण नाही. पण तेच वाक्य म्हणणारं माणूस गोळ्या थुंकायला लागलं, जेवण सोडलं, डायलिसिसला जायला नकार देऊ लागलं, दागिने वाटू लागलं, तर सरळ विचारा: "जगणं नकोसं झालंय का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं बोलता आल्यानं सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. इन्सुलिन, गोळ्यांचा साठा, शेतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवून चावी आपल्याकडे घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. घरच्यांनीही तिथं फोन करायला हरकत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे, त्यामुळे पॉलिसीचे कागद एकदा काढून वाचा.

आत्याला तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीच गोळी सुरू केली. बी-१२ ही कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. पाच आठवडे काही फरक दिसला नाही, तेव्हा ती माझ्यावर चिडून होती. आता साखर १८०-२०० मध्ये असते. फार चांगली नाही, पण इन्सुलिन ती रोज घेते. ‘ही गोळी कधी बंद करणार’ म्हणून दर भेटीत डॉक्टरांशी भांडते आणि डॉक्टर अजून दोन महिने म्हणतात. कोडं निम्मं सोडवते, निम्म्यासाठी मला फोन करते. मला बहुतेक शब्द येत नाहीत.